चित्रातली बाळंतीण कोणासारखी दिसते?

वाचकांचे प्रश्न : माता आणि मूल

गेल्या अंकात या सदरात मी लिहिले होते की, देश सोडून आलेल्या गरोदर बाईला आपली छापील माहितीपत्रके फारशी उपयोगी पडत नाहीत. तिच्यासाठी चित्रकथा काढाव्यात आणि त्या तिला सोबत घेऊन काढाव्यात. त्यावर बरीच पत्रे आली. काही रागाची आहेत, तीही मी मनापासून वाचली. माझी नोकरी गोव्यातल्या ग्रामीण उपकेंद्रांवर सिस्टर म्हणून झाली. निवृत्तीनंतर बार्देशच्या किनारपट्टीवर मोसमी दुकाने मांडणाऱ्या तिबेटी बायका आणि बांधकामावरच्या मजूर बायका यांच्याबरोबर मी चित्रे घेऊन बसते. चित्रे माझी भाची काढते, बोलायचे काम माझे.

ताई, गोव्यात निर्वासित आहेतच कुठे? कामासाठी आलेल्या मजुरांना निर्वासित म्हणणे बरोबर नाही. शिवाय आपल्याच बायकांचे प्रश्न अजून सुटलेले नाहीत.
– एक वाचक, साखळी

मजूर आणि निर्वासित एक नव्हेत, हे तुमचे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. झारखंडातून किंवा ओडिशातून वेर्ण्याच्या बांधकामावर आलेली बाई हाती पैसे आले की पहिल्या बाळंतपणाला माहेरी जाऊ शकते. निर्वासित बाईला माहेरची वाटच उरलेली नसते. भारताने १९५१ च्या निर्वासितविषयक करारावर सही केलेली नाही. त्यामुळे इथे सर्वांना लागू होणारा एक कायदा नाही. तिबेटी लोकांची व्यवस्था वेगळी, १९८३ नंतर तामिळनाडूत आलेल्या श्रीलंकेतल्या तमिळांची वेगळी, म्यानमारमधून आलेल्या रोहिंग्यांची आणखी वेगळी. कुठला कागद दाखवायचा आणि दाखवला तर काय होईल, ही धास्ती घेऊनच यांतल्या पुष्कळ जणी इस्पितळाची पायरी चढतात.

गोव्यात कुठे, असे विचारता, तर हिवाळ्यात हणजूण, कळंगुट, बागा या बाजूला जा. चांदीचे दागिने, शाली मांडून बसलेल्या तिबेटी बायका दिसतील. त्यांच्या घरातली मोठी माणसे १९५९ नंतर भारतात आली. शेजारच्या उत्तर कन्नड जिल्ह्यात मुंडगोडला त्यांची मोठी वसाहत आहे, तिथे त्यांचे स्वतःचे इस्पितळही आहे. या मुली भारतातच जन्मल्या, हिंदी झकास बोलतात. पण सातवा महिना चालू असताना सासू मुंडगोडला, तपासणीचे कागद तिथल्या इस्पितळात, आणि ही इकडे दुकानात उभी. रात्री डोके दुखू लागले तर म्हापशाच्या जिल्हा इस्पितळात जायचे की पहाटेची गाडी धरून मुंडगोड गाठायचे, हा निर्णय तिला एकटीने घ्यावा लागतो. त्या निर्णयासाठी आम्ही चित्रकथेच्या चार चौकटी काढल्या. त्या चौकटी वेर्ण्याच्या मजूर बाईलाही लागू पडतात आणि सत्तरी तालुक्यातून नवऱ्याच्या नोकरीसाठी वास्कोला आलेल्या आपल्या मुलीलाही. एकीसाठी केलेले काम दुसरीच्या ताटातून काढून घेतलेले नसते.

आणखी एक सांगते. १९७२ साली युगांडाचा हुकूमशहा इदी अमीन याने आशियाई लोकांना ९० दिवसांत युगांडा सोडायला लावले. त्यांत गोमंतकीय कुटुंबे होती. परक्या देशात, परक्या थंडीत, त्यांतल्याही कुणी बाळंत झाल्या असतील. त्यांच्याशी तिथल्या सिस्टर कशा वागल्या असाव्यात असे आपल्याला वाटते, तसेच आपण वागायचे.

मी फोंड्याजवळच्या एका हायस्कुलात चित्रकला शिकवतो. माझी एक माजी विद्यार्थिनी दिल्लीत रोहिंग्या बायकांबरोबर काम करते. गरोदरपणातल्या धोक्याच्या लक्षणांवर चित्रकथा काढून द्या, असा तिचा आग्रह आहे. चित्र स्पष्ट असले की भाषेची गरजच उरत नाही, असे मला वाटते. आणखी काय सांभाळावे?
– एक चित्रकला शिक्षक

सर, तुम्ही हे काम हाती घेताय याचा मला फार आनंद झाला. म्हणूनच जरा सविस्तर लिहिते.

चित्र सगळ्यांना आपोआप कळते, हा समज आधी बाजूला ठेवा. बाण, फुली, बोलण्याचा फुगा, विचारांचा ढगासारखा फुगा, या सगळ्या खुणा आपण शाळेत आणि वर्तमानपत्रांत शिकलो. ज्या बाईने कधी चित्रकथा हाताळलेली नाही, तिला डोक्यावरचा फुगा म्हणजे डोक्यावरचे काहीतरी ओझे वाटू शकते. शरीराचा एखादाच भाग सुटा काढला, म्हणजे नुसते गर्भाशय किंवा नुसता पाय, की तो कोणाचा आणि कुठला हे कळत नाही, शिवाय मनाला धक्काही बसतो. पूर्ण बाई काढा. पोटातले बाळ दाखवायचे असेल तर तिच्या पोटावरच दाखवा, तिचा चेहरा त्याच चौकटीत असू द्या.

चौकटींचा क्रम हाही असाच प्रश्न आहे. रोहिंग्या भाषेला सर्वांच्या हातात असलेली लिपी नाही. १९८० च्या दशकात तयार झालेली हनिफी लिपी २०१८ मध्ये युनिकोडमध्ये, म्हणजे मोबाईल-संगणकावरच्या अक्षरांच्या जागतिक यादीत, आली खरी, पण ती वाचू शकणाऱ्या बायका थोड्या. ज्यांना अक्षरओळख आहे, त्यांतल्या काहींना ती मदरशात झालेली, म्हणजे उजवीकडून डावीकडे. काहींना शाळेतल्या बर्मी भाषेची, म्हणजे डावीकडून उजवीकडे. तुम्ही आडव्या ओळीत तीन चौकटी काढल्यात आणि तिने त्या उलट्या वाचल्या, तर इस्पितळातून सुरू झालेली गोष्ट रक्तस्रावाशी संपेल. तिला वाटेल, तिथे गेले की असे होते. यावर सोपा उपाय आहे : चौकटी एकाखाली एक काढा, किंवा एका पानावर एकच. वरून खाली सगळेच वाचतात.

मग तिचे घर. कौलारू घर आणि दारात तुळशीवृंदावन काढलेत तर ती गोष्ट तिची राहणार नाही. दिल्लीतल्या रोहिंग्या वस्त्या बांबू, ताडपत्री आणि पत्र्याच्या आहेत. पाण्याचे कॅन, डोक्यावरची ओढणी, कमरेची थामी म्हणजे लुंगीसारखे वस्त्र, हे तुमच्या विद्यार्थिनीकडून विचारून घ्या. मोबाईलवर फोटो मागवताना मात्र माणसांचे चेहरे मागू नका. ज्यांच्या कागदपत्रांचा भरवसा नाही, त्यांना आपला चेहरा कुठे पोचला या विचाराने झोप लागत नाही. चित्रकथेचा हा मोठा गुण आहे, की फोटोसारखी ती कुणाला उघडे पाडत नाही.

आता मला सगळ्यांत महत्त्वाचे वाटते ते. तिच्या चालीरीतींवर लाल फुली मारू नका. आरोग्य खात्याच्या जुन्या तक्त्यांत डावीकडे रूढी आणि वर फुली, उजवीकडे पांढऱ्या कोटातले डॉक्टर आणि बरोबरची खूण, असे असायचे. ते बघणाऱ्या बाईला एवढेच कळते की तिच्या आईला नावे ठेवली आहेत. परागंदा झालेल्या बाईपाशी आईकडून आलेल्या चार गोष्टींखेरीज फारसे काही शिल्लक नसते. त्यावर फुली मारली की ती तपासणीला येणेच सोडते, आणि मग आपले ज्ञान कपाटात राहते.

त्याऐवजी तिच्या रीतींची तिच्याबरोबर बसून निवड करा. काही रीती थेट उपयोगी असतात : बाळंतिणीला जड कामातून सुटका, जवळ जाणती बाई, गरम ताजे अन्न. काही निरुपद्रवी असतात, त्यांना हात लावायची गरज नाही. आपल्याकडे बाळाच्या गालावर तीट लावतात, सटी पुजतात, गरोदर बाईला फुले माळतात; कुणाचे काही बिघडत नाही. थोड्याच रीती अपायकारक असतात : नाळेला राख किंवा शेण लावणे, चीक म्हणजे आईचे पहिले घट्ट दूध काढून टाकणे, बाळाच्या डोळ्यांत सुरमा-काजळ घालणे, बाळंतिणीचे पाणी तोडणे. या थोड्यांसाठीच आपली ताकद वापरायची.

एक उदाहरण देते. म्यानमारमध्ये बाळंतिणीला हळद चोळून गरम विटेने शेकण्याची चाल आहे. आपल्याकडे काय वेगळे करतात? शेगडी, ओव्या-शेपाची धुरी, वर मेथीचे लाडू. आईला ऊब हवीच आहे. अपाय होतो तो बंद खोलीतला धूर बाळाच्या छातीत गेल्याने आणि भाजल्याने. म्हणून चित्रात शेक राहू द्या. वीट कापडात गुंडाळलेली दाखवा, निखारे दाराशी ठेवा, दार उघडे, आणि बाळ शेकापासून लांब आजीच्या मांडीवर. ती आजी प्रेमळच काढा. गोष्टीत कुणाला शहाणे करायचे असेल तर तिलाच करा. आमच्या गावांत एके काळी वयजीण, म्हणजे सुईण, होती. तिला शत्रू ठरवून आम्हा सिस्टरांचे काम कधी पुढे गेले नाही. तिला हाताशी धरल्यावर गेले.

आता लक्षणे. तुमची चित्रकला खरी कसाला लागेल ती इथे. गरोदरपणातल्या वाढलेल्या रक्तदाबाची बरीच लक्षणे बाहेरून दिसत नाहीत. डोके धरून बसलेली बाई काढलीत तर ते रोजच्या थकव्यासारखे दिसेल. त्याऐवजी एक चौकट तिच्या डोळ्यांनी काढा : दारातला नवरा पुसट, आजूबाजूला काजवे. पुढच्या चौकटीत तिची बांगडी मनगटावरून सरकत नाही, सकाळी चेहरा सुजलेला. बाळाची हालचाल कमी होणे दाखवायला तीच बाई, तीच जागा, दोन संध्याकाळी : काल पोटावरचा हात हसरा, आज तोच हात वाट बघतोय. प्रसूतीनंतरचा रक्तस्राव मिलिलिटरमध्ये सांगून कुणालाच कळत नाही. तिथे कापडाच्या घड्या काढा. २० ते ३० मिनिटांत दोन-तीन घड्या भिजल्या तर क्षणभरही थांबायचे नाही. झटके येणारी बाई काढताना तिचा चेहरा भेसूर करू नका. तसा चेहरा पाहिला की बघणाऱ्यांना बाहेरची बाधा आठवते, आणि गाडी मांत्रिकाकडे वळते.

शेवटी ‘लगेच डॉक्टरकडे जा’ एवढे लिहून गोष्ट आटपू नका. अडचण नेमकी तिथून सुरू होते. घरातली दोन पोरे कोणाकडे ठेवायची? रात्री कोण सोबत येणार? रुग्णवाहिकेला फोन कोण लावणार आणि वस्तीचा पत्ता काय सांगणार? इस्पितळाच्या कुठल्या दाराने आत जायचे? खिडकीवरचा माणूस काय विचारेल? यांतल्या प्रत्येकाला एक चौकट द्या. सरकारी इस्पितळात बाळंत होणाऱ्या बाईला प्रसूती, सिझर, औषधे, रक्त आणि गाडी यांचे पैसे पडू नयेत, यासाठी २०११ पासून जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रम आहे. ते चित्रात आले पाहिजे. त्या वस्तीजवळचे इस्पितळ प्रत्यक्षात कुठले कागद मागते, ते तुमच्या विद्यार्थिनीने स्वतः जाऊन विचारावे आणि तेवढेच कागद काढावेत. खोटी आशा देणारी चौकट एकही नको.

पहिला खर्डा पेन्सिलीने काढा, फुगे कोरे ठेवा आणि तो बायकांसमोर ठेवून फक्त विचारा, ‘इथे काय चाललंय?’ मग गप्प बसा. त्या जे बोलतील ते फुग्यांत लिहा. बाई म्हणाली, ‘हिचा नवरा असा मागे का उभा? माझा तर पुढे पळाला असता,’ तर नवरा पुढे आणा. शाई त्यानंतर.

घरात सासरे, मोठे दीर, मुले असतात. बाळंतपणाची चित्रे असलेला कागद घरात कसा आणायचा? आम्हालाच संकोच वाटतो, तर त्या बायकांना किती वाटेल!
– एक गृहिणी, पेडणे

संकोच ही अडाणीपणाची खूण नव्हे. तो मानायचा आणि कागदाची घडीच त्याला धरून घालायची. आमच्या चित्रपट्टीची बाहेरची बाजू घरात सर्वांनी बघायची असते : कधी निघायचे, गाडी कोण आणणार, पैसे कुठे ठेवलेत. नवऱ्याची कामे ठळक काढलेली असतात आणि तो कर्ता दिसतो, त्यामुळे तो कागद आनंदाने जपून ठेवतो. आतली बाजू घडीत मिटलेली. ती सिस्टरबरोबर किंवा मैत्रिणीबरोबर उघडायची.

आत प्रसूती दाखवतानाही उघडे अंग दाखवावे लागत नाही. चित्र बाईच्या उशाकडून काढायचे : तिचा चेहरा, पाठीवर सोबतिणीचा हात, पायांवर चादर, समोर सिस्टर. सोबतीण जवळ ठेवायला सरकारी इस्पितळांत २०१६ पासून केंद्र सरकारची मान्यता आहे. परक्या मुलखातल्या बाईला ही चौकट बघून जो धीर येतो, तो दहा सूचनांनी येत नाही.

भीतीचेही तसेच. अमेरिकेत गेलेल्या सोमाली निर्वासित बायकांविषयी तिथल्या डॉक्टरांनी पुष्कळ लिहून ठेवले आहे. त्यांतल्या अनेक जणींना सिझरची फार भीती वाटे, कारण मागे राहिलेल्या देशात सिझर म्हणजे मरण असेच त्यांनी पाहिले होते. मूल मोठे होऊन पोट कापावे लागू नये म्हणून काही जणी गरोदरपणात जेवण कमी करत. अशा बाईला सिझरचे फायदे-तोटे मोजून सांगितले तर तिला काय वाटणार? तिला हवी असते ती पुढची गोष्ट : सिझर झालेली बाई काही महिन्यांनी बाजारात पिशवी घेऊन चालली आहे, आणि टाक्यांची खूण पदराआड आहे.

मी अंगणवाडी सेविका आहे. लोहाच्या गोळ्या देते. बाहेरून आलेल्या बायका आठवडाभर घेतात आणि बंद करतात. समजावायला एकेकीला किती वेळ देणार? मोबाईलवर व्हिडिओ पाठवणे सोपे नाही का?
– एक सेविका, बार्देश

बाई, तुमच्या कामाचा भार मला माहीत आहे. बाकी राज्यांत आशाताई असतात, गोव्यात ती योजनाच नव्हती. सगळे अंगणवाडी सेविका आणि सिस्टरांच्या खांद्यावर आले. म्हणून कमी वेळात होईल असेच सांगते.

गोळ्या बंद होण्याची कारणे ठरलेली आहेत : मळमळते, बद्धकोष्ठ होते आणि शौच काळे होते. काळे शौच पाहून बाई घाबरते, पण लाजेने कुणाला विचारत नाही. तेव्हा तेच काढा. खरोखर, काळे शौच काढा आणि शेजारी निर्धास्त बसलेली बाई. आमच्या गोळ्यांच्या पट्टीत सगळ्यांत जास्त हसू आणि सगळ्यांत जास्त प्रश्न याच चौकटीला येतात. पुढची चौकट चहाची. गोळी चहाबरोबर घेतली तर लोह अंगी लागत नाही. तिबेटी बायकांचा लोणी-मिठाचा चहा दिवसभर चालू असतो. तो बंद करायला सांगू नका. सकाळी चहा, आणि गोळी रात्रीच्या जेवणानंतर, असे सूर्य-चंद्र काढून दाखवा. कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी. गोळीचा रंग लालच ठेवा, कारण गरोदर बाईला मिळते ती लाल असते. चौथ्या महिन्यापासून १८० दिवस आणि बाळंत झाल्यावर आणखी १८० दिवस हा हिशोब लिहून सांगण्यापेक्षा पोट वाढत जाणारी बाई आणि मग रांगते मूल काढले की डोक्यात राहतो.

व्हिडिओ वाईट नाहीत. पण फोन बहुतेक वेळा नवऱ्याच्या खिशात असतो, आणि व्हिडिओ बाईसाठी थांबत नाही. कागदावर ती बोट ठेवते, मागे जाते, शेजारणीला दाखवते. माता-बाल कार्डाच्या घडीत मावेल एवढी पट्टी करा, म्हणजे तपासणीला कार्डाबरोबर तीही परत येते.

मी मडगावला प्रॅक्टिस करतो. चित्रकथा मुलांसाठी ठीक. गंभीर वैद्यकीय माहिती अशा रूपात दिली तर रुग्णाला आपण लहान समजतो, असे होणार नाही का?
– एक स्त्रीरोगतज्ज्ञ

डॉक्टर, चित्रकथा म्हणजे पोरखेळ हे मला पटत नाही. इथून जवळ, कुडाळ तालुक्यातल्या पिंगुळीला ठाकर समाजाची चित्रकथी परंपरा आहे. एकेक चित्र समोर धरून रामायण-महाभारतातल्या कथा गायच्या, आणि ऐकायला बसलेली माणसे मोठीच. तिथल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. तिबेटी लोकांतही थांगका, म्हणजे कापडावरची धार्मिक चित्रे, उलगडून कथा सांगणारे लामा-मणी होते. तुमच्या व्यवसायातही वेल्समधले डॉक्टर इयान विल्यम्स यांनी २००७ मध्ये ‘ग्राफिक मेडिसिन’ हे नाव रूढ केले. आजार, डॉक्टर आणि रुग्ण यांच्यातले जे शब्दांत येत नाही ते चित्रकथेत मांडणे, हा त्याचा विषय. ते स्वतः डॉक्टरही आणि चित्रकारही.

पण तुम्हाला मला यापेक्षा मोठी गोष्ट सांगायची आहे. या चित्रकथा रुग्णासाठी जेवढ्या, तेवढ्याच तुमच्यासाठी आणि आम्हा सिस्टरांसाठी आहेत. माझ्या भाचीने एक पान केवळ एका तरुणीच्या सांगण्यावरून काढले. त्यात ती तपासणीच्या टेबलावर आडवी आहे आणि चित्र तिच्या नजरेतून आहे : वर पंखा, बाजूला न ओढलेला पडदा, पायांशी चार चेहरे, त्यांतल्या एकानेही आपण कोण ते सांगितलेले नाही. फुगे सगळ्यांच्या तोंडी आहेत, पण अक्षरांच्या जागी नुसत्या रेघोट्या, कारण तिला ते तसेच ऐकू आले. हे पान मी परिचारिकांच्या एका बैठकीत फिरवले, तेव्हा खोलीत बराच वेळ कुणी बोलले नाही. मग एक जण म्हणाली, ‘पडदा तर ओढता येतो ना आपल्याला.’ मला विचाराल तर या सगळ्या कामाचे फळ इथे आहे. निर्वासित बाईला आपली पद्धत शिकवणे हा अर्धा भाग झाला. तिला आपण कसे दिसतो, हे आपल्याला दिसणे हा दुसरा, आणि तो नेहमी राहून जातो. बाई पुरुष डॉक्टरांकडून तपासून का घेत नाही, नवऱ्याला विचारल्याशिवाय सही का करत नाही, बाळंतपणात पडलेली वार घरी न्यायला का मागते, याची उत्तरे तिने एकदा चौकटीत सांगितली की पुढच्या बाईला आपण वेगळ्या आवाजात बोलावतो.

तुमच्या वेटिंग रूममध्ये एक कोरे पान ठेवून पाहा. वर एवढाच प्रश्न : ‘तुमच्याकडे बाळंतिणीला पहिल्या दिवशी काय खायला देतात?’ चित्र काढायला जागा मोकळी.

फुग्यांतला मजकूर मोबाईलवर भाषांतर करून घातला तर चालेल का?
– एक विद्यार्थी, पणजी

खर्ड्यापुरता चालेल, छपाईला नाही. ती भाषा घरात बोलणाऱ्या बाईने, शक्यतो आई झालेल्या बाईने, मोठ्याने वाचून दाखवल्याशिवाय एकही फुगा पक्का करू नका. आणि दुभाषी म्हणून बाईच्या शाळकरी मुलाला कधीही बसवू नका. आईच्या रक्तस्रावाबद्दल मुलाच्या तोंडून विचारायचे नसते.

मी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. युद्धातून, हिंसेतून आलेल्या गरोदर बाईच्या मनावर जे झाले असेल, ते चित्रांतून काढून घेता येईल का?
– एक विद्यार्थिनी, बांबोळी

‘काढून घेणे’ हा विचारच करू नकोस, बाळा. ऑगस्ट २०१७ नंतर सात लाखांहून जास्त रोहिंग्या माणसे बांगलादेशात पोचली. त्यांतल्या कितीतरी बायकांनी जे सोसले ते त्यांनी घरच्यांनाही सांगितलेले नाही. काहींच्या पोटातले मूलही त्यातलेच होते. तपासणीच्या दहा मिनिटांत ती जखम उघडायचा आपल्याला अधिकार नाही, कारण ती बंद करायला आपण तिथे नसणार.

चित्रकथेत हिंसा काढायची नाही, जळते घर नाही, बंदूकधारी माणूस नाही. काढायचे ते असे : एका बाईला हात लावून घ्यायची भीती वाटते. सिस्टर आधी विचारते. बाई ‘थांब’ म्हणते. सिस्टर थांबते. एवढ्या चार चौकटी. ज्या बाईला बोलायचे असेल ती त्या तिसऱ्या चौकटीवर बोट ठेवते, आणि मग तू खुर्ची जवळ घेऊन बसायचे, ऐकायचे, आणि समुपदेशकाकडे तिच्यासोबत स्वतः चालत जायचे. जिला बोलायचे नसेल, तिला निदान कळते की इथे ‘थांब’ म्हटले तर थांबतात. पण चित्रात तसे दाखवायचे तर वॉर्डात तसे वागायला हवे. नाहीतर ते पान वाटू नकोस.

आमच्या युवक मंडळाला हे करून बघायचे आहे. खर्च किती? रंगीत छापावे का? भिंतीवर लावावे की हातात द्यावे?
– एक मंडळ, काणकोण

शरद शर्मा यांच्या वर्ल्ड कॉमिक्स इंडियाने देशभर रुजवलेली रीत तुम्हाला सोयीची पडेल. दोन ए-फोर कागद जोडायचे, त्यावर चार चौकटी, काळी रेघ, आणि झेरॉक्स काढून भिंतीवर लावायचे. चित्रकार लागत नाही. ज्याची गोष्ट आहे त्यानेच काढायची, हात कच्चा असला तरी. खर्च कागदाचा आणि झेरॉक्सचा. मोठे काळे भाग भरू नका, झेरॉक्समध्ये त्यांचे डाग होतात आणि चेहरे बुडतात.

गाडीचा नंबर, इस्पितळाची वाट, नवऱ्याची कामे हे भिंतीवर लावा. बाईच्या शरीराविषयीचे हातात द्या. दुकानाच्या भिंतीवर लावण्याआधी दुकानदाराला आणि वस्तीतल्या जाणत्या बाईला विचारा.

रंगाची घाई नको. आपल्याकडे लाल म्हणजे कुंकू आणि सिग्नलवर लाल म्हणजे धोका, दोन्ही एकाच पानावर आले की घोटाळा होतो. पांढऱ्यावरही आपल्याकडे सुतकाची छाया असते, तर तिबेटी घरात पांढरा खादा, म्हणजे मानाचे उपरणे, शुभकार्याला गळ्यात घालतात. काळ्या-पांढऱ्यात वाटा, आणि सोबत रंगीत खडू द्या. कुणी कुठे कोणता रंग भरला ते बघून मग दुसरी आवृत्ती काढा.